विश्लेषण : मागून धडक बसली तर मान कोण वाचवते? रॉकेटवर बसलेल्या डॉक्टरची गोष्ट

सिग्नलला उभ्या असलेल्या गाडीवर मागून दुसरी गाडी आदळते. वेग फार नसतो. बंपर थोडा चेपतो, दोन्ही चालक उतरून हुज्जत घालतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. मान दुखायला लागते ती त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. दुखणे मात्र काही जणांना महिनोन्महिने सोडत नाही. मानेला बसलेल्या या हिसक्याला व्हिपलॅश म्हणतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात धडकेच्या प्रकारांत मागून बसलेल्या धडकेचा वाटा सर्वांत मोठा, म्हणजे एकूण अपघातांच्या पाचव्या हिश्शाहून जास्त होता. त्यात दुचाकी आणि ट्रकही आले. पण कारमध्ये बसलेल्यांसाठी एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. समोरून धडक बसते तेव्हा सीटबेल्ट आणि एअरबॅग वाचवतात. मागून बसते तेव्हा पहिला भार येतो तो सीटवर, म्हणजे ज्या सीटचे कापड आणि रंग पाहून गाडी पसंत केली जाते त्या सीटवर. पाठीला आणि डोक्याला एकाच वेळी आधार मिळाला तर माणूस केवढा मोठा धक्का सोसू शकतो, हे ज्याने स्वतःच्या अंगावर मोजून दाखवले तो माणूस मोटार उद्योगातला नव्हता. तो अमेरिकी वायुदलातला डॉक्टर होता. त्याचे नाव जॉन पॉल स्टॅप.

लेखक व्हायचे होते, डॉक्टर कसे झाले?

स्टॅप यांचा जन्म ११ जुलै १९१० रोजी ब्राझीलमधील बाहिया येथे झाला. आईवडील अमेरिकी बॅप्टिस्ट मिशनरी होते. चार भावांत जॉन थोरले. सुरुवातीचे शिक्षण घरीच झाले आणि पुढे शिकण्यासाठी त्यांना टेक्सासला पाठवण्यात आले. बेलर विद्यापीठात दाखल झाले तेव्हा त्यांचा ओढा साहित्याकडे होता. १९२८ च्या नाताळच्या सुट्टीत नातेवाइकांकडचे एक लहान बाळ शेकोटीत भाजले. स्टॅप यांनी त्याची शुश्रूषा केली, पण तीन दिवसही पूर्ण होण्याआधी बाळ दगावले. डॉक्टर व्हायचे, हे त्यांनी तेव्हाच ठरवले.

ठरवणे सोपे होते, पैसा नव्हता. त्यांनी प्राणिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतले, एका छोट्या महाविद्यालयात शिकवले आणि १९४० मध्ये टेक्सास विद्यापीठातून जैवभौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. मिनेसोटा विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन १९४४ मध्ये लष्करात दाखल झाले तेव्हा वय ३४ होते. जैवभौतिकशास्त्र आणि वैद्यक यांची ही जोड त्या काळी दुर्मीळ होती आणि पुढच्या कामाला तीच उपयोगी पडली. शरीरावर येणारे बल मोजताही येत होते आणि त्याने काय तुटते, हे कळतही होते.

१९४६ मध्ये ते ओहायोतील राइट फील्डच्या वैमानिकी वैद्यक प्रयोगशाळेत आले. पहिले काम ऑक्सिजन यंत्रणांचे होते. दाबनियंत्रण नसलेल्या विमानातून ४० हजार फुटांवर जायचे आणि शरीराचे काय होते ते पाहायचे. इतक्या उंचीवर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांध्यांत असह्य कळा येतात. उड्डाणाआधी अर्धा तास शुद्ध ऑक्सिजन घेतला तर हा त्रास टळतो, हे त्यांनी दाखवले. दुसऱ्याला पाठवण्याआधी स्वतः जायचे, ही त्यांची रीत इथपासूनची.

१८ जीचा समज काय होता?

वेग माणसाला मारत नाही. वेगातला अचानक बदल मारतो. हा बदल मोजण्याचे माप म्हणजे जी. जमिनीवर उभ्या माणसावर एक जी असतो, म्हणजे त्याचे स्वतःचे वजन. १० जीचा धक्का म्हणजे क्षणभर शरीराचे वजन दहापट होणे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानशास्त्रात असा समज पक्का होता, की १८ जीच्या पुढे माणूस जगत नाही. तेव्हा विमानातल्या सीट आणि पट्टे तेवढ्याच ताकदीचे केले जात. त्याहून जास्त बळकट करून उपयोग काय, असा विचार त्यामागे होता. पण काही अपघातांचे हिशेब जुळत नव्हते. विमानाचा सांगाडा शाबूत, सीट मात्र बुडातून उखडलेली आणि वैमानिक सीटसकट पुढे फेकला जाऊन मेलेला. उलट काही वैमानिक, सगळे नियम मोडून, भयंकर अपघातांतून चालत बाहेर आलेले. याचा अर्थ एकच निघत होता, शरीर हरण्याआधी सीट हरत होती. पण हे सिद्ध कसे करायचे?

१९४७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील म्युरॉक तळावर, म्हणजे आजच्या एडवर्ड्स वायुतळावर, हे काम स्टॅप यांच्याकडे आले. तेथे जर्मन व्ही-१ अस्त्राच्या अमेरिकी नकलेच्या चाचण्यांसाठी बांधलेला २ हजार फुटांचा रूळमार्ग पडून होता. नॉरथ्रॉप कंपनीने त्यावर धावणारी सुमारे ६८० किलोची घसरगाडी तयार केली. मागे रॉकेट, पुढे रुळांत बसवलेले जबरदस्त ब्रेक. रॉकेट पेटले की गाडी सुसाट सुटायची आणि शेवटच्या काही मीटरमध्ये ब्रेक तिला जागीच धरायचे. थोडक्यात, विमान न पाडता विमान पडल्याचा धक्का.

आधी बसवला तो ८४ किलोचा पुतळा. त्याचे नाव ऑस्कर एटबॉल. एका चाचणीत त्याला मुद्दाम नाममात्र पट्ट्याने बांधले. ब्रेक लागताच ऑस्कर समोरची इंचभर जाडीची लाकडी ढाल फोडून सातशे फूट पुढे जाऊन पडला. पट्टा कशासाठी असतो, याचे याहून सोपे प्रात्यक्षिक सांगता येणार नाही.

पाठमोरे का बसवले?

पुतळ्याच्या डझनावारी चाचण्या झाल्यावर १० डिसेंबर १९४७ रोजी स्टॅप स्वतः गाडीत बसले, तेही पाठ प्रवासाच्या दिशेला करून. एक रॉकेट, वेग ताशी सुमारे १४५ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी तीन रॉकेट. १९४८ च्या ऑगस्टपर्यंत त्यांच्या सोळा फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांनी ३५ जीपर्यंतचा धक्का सोसला होता. १८ जीची लक्ष्मणरेषा दुपटीने मागे पडली होती.

मानेच्या दुखापतीशी या प्रयोगांचा थेट संबंध आहे तो या पाठमोऱ्या फेऱ्यांमुळे. पाठमोऱ्या माणसाची गाडी ब्रेक लागून थांबते तेव्हा सीट त्याच्या पाठीवर दाबली जाते. कारला मागून धडक बसते तेव्हाही नेमके हेच होते. कार आणि सीट पुढे ढकलली जातात आणि सीटची पाठ माणसाच्या पाठीवर आदळते. म्युरॉकमधली सीट मात्र कारच्या सीटसारखी नव्हती. ती पक्की होती, मागे कलंडत नव्हती. पाठीबरोबर डोक्यालाही मागून आधार होता. भार खांदे, पाठ, कंबर आणि डोके अशा मोठ्या क्षेत्रफळावर पसरत होता आणि शरीराचा एक भाग दुसऱ्याच्या मागे राहत नव्हता.

तोंड पुढे करून बसल्यावर चित्र बदलले. मग सगळा भार पट्ट्यांवर. ते खांद्यांत आणि बरगड्यांत रुतायचे. डोके पुढे झुकायचे, रक्त डोळ्यांकडे लोटले जायचे. स्टॅप यांच्या बरगड्यांना तडे गेले, मनगट दोनदा मोडले, दातांत भरलेले सिमेंट निखळले, डोळ्यांच्या पडद्यात रक्तस्राव झाला. एकदा मोडलेले मनगट त्यांनी कार्यालयाकडे चालत जाताना स्वतःच बसवले, असे सांगितले जाते. तळावरच्या कर्मचाऱ्यांच्या बायकामुलांना संध्याकाळी मोफत तपासण्याचे काम या सगळ्यात सुरूच होते.

वरिष्ठांनी मध्येच त्यांना स्वतः बसायची मनाई केली आणि चिंपांझी वापरायला सांगितले. चिंपांझी वापरले गेले, माणसापेक्षा कितीतरी जास्त धक्के त्यांना देण्यात आले. त्या प्राण्यांच्या वाट्याला जे आले ते आजच्या नीतिनियमांत बसणारे नाही. पण स्टॅप यांनी मनाई फारशी मनावर घेतली नाही. कुठे दुखते, श्वास कधी अडतो, दिसेनासे कधी होते, हे चिंपांझी सांगू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. जून १९५१ पर्यंत म्युरॉकच्या रुळांवर स्टॅप आणि इतर स्वयंसेवकांच्या मिळून ७४ फेऱ्या झाल्या. त्यांत १९ पाठमोऱ्या होत्या. या कामाचा परिणाम म्हणून अमेरिकी लढाऊ विमानांच्या सीट ३२ जी सोसतील अशा बनवल्या जाऊ लागल्या.

आणखी एक गोष्ट याच रुळांवरची. १९४९ मध्ये कॅप्टन एडवर्ड मर्फी नावाचे अभियंते पट्ट्यांवरचा ताण मोजणारे संवेदक घेऊन आले. चाचणी झाली आणि आकडा आला शून्य, कारण सगळे संवेदक उलटे जोडले गेले होते. मर्फी वैतागून जे बोलले त्याचा चमूने नियम केला आणि काही काळाने पत्रकार परिषदेत स्टॅप यांनी तो जगाला सांगितला. जे बिघडू शकते ते बिघडणारच, असे समजून तयारी करायची, हा त्यांचा त्यातून घेतलेला अर्थ. मर्फीचा नियम म्हणून तो आज विनोदात वापरला जातो, पण तिथे तो सुरक्षिततेचा नियम होता.

ताशी १०१७ किलोमीटरवरून शून्यावर

१९५३ मध्ये स्टॅप न्यू मेक्सिकोतील हॉलोमन तळावर आले. आता प्रश्न वेगळा होता. ध्वनीच्या वेगाच्या आसपास उडणाऱ्या विमानातून वैमानिक बाहेर फेकला गेला तर समोरच्या वाऱ्याचा तडाखा आणि अचानक कमी होणारा वेग तो सोसेल का? त्यासाठी सॉनिक विंड नावाची नवी गाडी बनवली गेली. तिचा ब्रेक पाण्याचा होता. रुळांमधल्या चरात पाणी साठवलेले असे आणि गाडीखालचे पन्हाळे त्यात बुडाले की वेग कोसळायचा. १९ मार्च १९५४ च्या पहिल्या फेरीत वेग ताशी ६७८ किलोमीटर होता.

१० डिसेंबर १९५४. पहिल्यांदा घसरगाडीत बसल्याला त्याच दिवशी सात वर्षे झाली होती. नऊ रॉकेट, एकूण रेटा सुमारे १८ हजार किलो. हातपाय बांधलेले, दातांत रबराचा ठोकळा, डोक्यावर शिरस्त्राण, समोर वारा अडवणारी काच नाही. पाच सेकंदांत गाडी ताशी १०१७ किलोमीटरवर पोहोचली. वरून टी-३३ जेट विमानात जो किटिंगर पाठलाग करत होते, गाडी त्यांच्या पुढे निघून गेली. मग १.४ सेकंदात ती थांबली. शरीरावर आलेला सर्वाधिक धक्का ४६.२ जी. म्हणजे ७६ किलोचा माणूस क्षणभर साडेतीन हजार किलोंचा झाला.

स्टॅप यांना काही दिसत नव्हते. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. दृष्टी कायमची जाण्याची शक्यता त्यांनी आधीच गृहीत धरली होती आणि अंधारात कपडे घालण्याचा सरावही केला होता. काही तासांनी दिसू लागले. डोळे काळेनिळे झाले होते, कातडीवर वाळूच्या कणांनी फोड आले होते, पण कायमचे नुकसान झाले नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर ते झळकले. आणखी वेगात जाण्याची त्यांची इच्छा होती, पण वायुदलाने पुन्हा परवानगी दिली नाही. एकूण २९ वेळा ते घसरगाडीत बसले.

विमानांकडून मोटारीकडे का वळले?

लोक त्यांना विक्रमवीर म्हणून ओळखतात आणि इथेच थांबतात. त्यांच्या आयुष्यातला मोठा भाग मात्र याच्या पुढचा आहे. अपघातांच्या नोंदी चाळताना स्टॅप यांच्या लक्षात आले, की वायुदलाची माणसे विमान अपघातांपेक्षा रस्त्यावरच्या मोटार अपघातांत जास्त दगावत आहेत. लाखो डॉलर खर्चून शिकवलेला वैमानिक सुट्टीत घरी जाताना कारमध्ये मरत असेल, तर त्याच्या विमानातली सीट बळकट करून काय साधले?

त्या काळच्या अमेरिकी मोटारी आठवा. डॅशबोर्ड लोखंडी, स्टीअरिंगचा दांडा भाल्यासारखा छातीकडे रोखलेला, पट्टा नाही आणि सीटची पाठ जेमतेम खांद्यांपर्यंत. पुढची सीट एखाद्या बाकासारखी, मागे डोक्याला काहीच नाही. अपघात म्हणजे चालकाची चूक, गाडीचा काय दोष, अशीच उद्योगाची आणि बऱ्याच अंशी जनतेचीही धारणा होती.

मे १९५५ मध्ये स्टॅप यांनी हॉलोमन येथे एक परिषद बोलावली. मोटार कंपन्यांचे अभियंते, विद्यापीठांतले संशोधक आणि सुरक्षेवर काम करणारे मोजके लोक आले. भंगारातल्या मोटारी, त्यांत पुतळे, आणि प्रत्यक्ष धडक. अपघातात गाडीबाहेर काय होते ते सगळ्यांना माहीत होते, आत काय होते ते तिथे दिसले. वायुदलातल्या काही वरिष्ठांना हे पटले नाही. वायुदलाने मोटारी कशाला फोडायच्या, हा त्यांचा प्रश्न. स्टॅप यांनी वायुदलाच्याच मृत्यूंचे आकडे पुढे ठेवले. ही परिषद पुढे त्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही भरते.

मानेचे नेमके काय होते?

व्हिपलॅश हा शब्द १९२८ पासूनचा. हॅरॉल्ड क्रो या अमेरिकी अस्थितज्ज्ञाने तो वापरला. चाबकाच्या फटकाऱ्यासारखी मान मागे-पुढे जाते, असे त्यातून ध्वनित होते. पन्नाशीच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस संकुलात डर्विन सेव्हरी आणि सहकाऱ्यांनी मोटारींना मागून धडक देऊन मोजमापे घेतली तेव्हा खरे चित्र दिसू लागले.

माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोचे असते आणि ते मानेतल्या सात मणक्यांवर तोललेले असते. मागून धडक बसली की सीट धडाला पुढे ढकलते. डोक्याला मात्र कोणीच ढकललेले नसते, ते जडत्वामुळे जागीच राहते. म्हणजे डोके मागे जात नाही, धड त्याच्या खालून पुढे निघून जाते. पहिल्या काही क्षणांत मानेचा आकार इंग्रजी एस अक्षरासारखा होतो. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. नेहमीच्या हालचालीत मान अशी कधीच वाकत नाही. मणक्यांमधले छोटे सांधे आणि स्नायुबंध इथेच ताणले जातात, असे अनेक संशोधकांचे मत आहे. त्यानंतर डोके मागे फेकले जाते आणि शेवटी पुढे. हे सगळे पापणी लवण्याच्या सुमारास आटोपते. स्नायू आवळून सावरायला वेळच मिळत नाही.

स्टॅप यांच्या नावाच्या परिषदेत १९६७ मध्ये हॅरॉल्ड मर्ट्झ आणि लॉरेन्स पॅट्रिक यांनी या विषयावर महत्त्वाचा शोधनिबंध मांडला. मानेला इजा होण्यात ओढ किंवा कातर बलापेक्षा डोके मागे वळताना मानेवर येणारी पिळवट, म्हणजे वाकवणारा जोर, जास्त कारणीभूत असतो, असे त्यांनी दाखवले. डोके मागे वळूच दिले नाही, तर हा जोर तयारच होत नाही.

हॉलोमनमध्ये मधल्या काळात एक चाचणी अशी झाली, की तिने आधाराबरोबर फटीचेही महत्त्व दाखवले. १६ मे १९५८ रोजी कॅप्टन एली बीडिंग डेझी नावाच्या छोट्या रूळमार्गावर पाठमोरे बसले. वेग ताशी ५६ किलोमीटरच्या आसपास, शहरातल्या मोटारीएवढा. गाडी पापणी लवण्याच्या आत थांबली. गाडीवरचा धक्का सुमारे ४० जी होता, पण बीडिंग यांच्या छातीवरच्या यंत्राने ८३ जीच्या आसपास नोंद केली. ते शुद्ध हरपून रुग्णालयात गेले आणि बरे झाले. गाडी आणि शरीर एकाच क्षणी थांबत नाहीत. मधल्या गादीत, मऊ मांसात, मोकळ्या जागेत शरीर मागे पडते आणि मग ती तफावत एका झटक्यात भरून निघते. मानेच्या बाबतीत हीच मोकळी जागा म्हणजे डोके आणि हेडरेस्ट यांमधले अंतर.

हेडरेस्ट ही आराम करायची उशी नव्हे?

नावामुळे तसे वाटते खरे. अमेरिकी नियमांत त्याला डोक्याचा अटकाव करणारे साधन म्हटले आहे आणि तेच त्याचे काम आहे. त्याचा शोध स्टॅप यांचा नाही. तसे पेटंट १९२० च्या दशकातच घेतले गेले होते. पण ते गाड्यांत बसवण्याची सक्ती व्हायला चार दशके गेली.

त्यासाठी कायदा लागला. स्टॅप यांनी १९५७ मध्येच अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली होती. पुढची नऊ वर्षे त्यांची आणि इतर अनेकांची चर्चा, भाषणे आणि प्रात्यक्षिके यांत गेली. ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८ पासून नव्या मोटारींत सीटबेल्ट सक्तीचे झाले. १ जानेवारी १९६९ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कारच्या पुढच्या सीटना हेडरेस्टही आवश्यक झाले.

नियम आला, पण गोष्ट संपली नाही. बहुतेक कंपन्यांनी वर-खाली करता येणारे हेडरेस्ट दिले आणि बहुतेक लोकांनी ते सगळ्यात खाली ठेवून दिले. तसे ठेवलेले हेडरेस्ट मानेच्या मागे टेकू बनते. मान त्यावरून मागे वळते आणि आधाराऐवजी तरफ तयार होते. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या टाळूच्या उंचीची, निदान कानांच्या वरपर्यंत हवी. डोके आणि हेडरेस्ट यांतले अंतर जितके कमी तितके चांगले. अमेरिकेच्या सुधारित नियमात ते ५५ मिलिमीटरपर्यंत ठेवले आहे, म्हणजे साधारण तीन बोटे. सीट आरामासाठी मागे कलती केली की हे अंतर वाढते. उंच चालकाची गाडी घरातली बुटकी व्यक्ती चालवते, किंवा उलट, तेव्हाही मापे बदलतात. बघायला अर्धा मिनिट लागतो.

१९९७ मध्ये साब कंपनीने यावर एक युक्ती काढली. धडकेत माणसाची पाठ सीटमध्ये दाबली गेली की आतल्या तरफेने हेडरेस्ट आपोआप वर आणि पुढे सरकते, म्हणजे फट माणसाच्याच वजनाने बुजते. पुढच्या वर्षी व्होल्वोने वेगळा मार्ग घेतला. सीटची पाठ धडकेत आधी माणसाबरोबर सरळ मागे सरकते, मग थोडी कलते आणि तेवढ्यात धक्का शोषून घेते. युरोपात २००८-०९ पासून युरो एनकॅपने मागच्या धडकेतील मानेच्या सुरक्षिततेचेही गुण द्यायला सुरुवात केली. लहान मुलांच्या पाठमोऱ्या सीटमागेही हेच तत्त्व आहे. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. म्हणून समोरच्या धडकेत त्याच्या डोक्याला, मानेला आणि पाठीला मागून एकसारखा आधार मिळावा, अशी ती रचना असते. साठच्या दशकात स्वीडनमध्ये बर्टिल आल्डमन यांनी ती विकसित केली.

शेवटची वर्षे

१९५७ मध्ये स्टॅप यांनी बॅले नर्तकी लिलियन लानेझ यांच्याशी विवाह केला. मोटार सुरक्षेच्या सरकारी कामासाठी वायुदलाने त्यांना १९६७ मध्ये नव्या महामार्ग सुरक्षा विभागाकडे उसने दिले. १९७० मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. पुढे अध्यापन, सल्लागाराची कामे आणि दरवर्षीची ती परिषद. १९९१ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. १३ नोव्हेंबर १९९९ रोजी न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे ते वारले. वय ८९ होते.

कोणते प्रश्न उरले आहेत?

स्टॅप यांच्या मोजमापांची एक मर्यादा होती. घसरगाडीत बसलेले सगळे लष्करातले तरुण, धडधाकट पुरुष होते, घट्ट बांधलेले आणि धक्क्यासाठी तयार. कारमध्ये बसलेली साठीची बाई मान वळवून मागच्या नातवाशी बोलत असते. मागच्या धडकेत स्त्रियांना मानेची इजा होण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे, हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. तरी नव्वदच्या दशकात स्वीडनमध्ये या चाचणीसाठी बनवलेला आणि आजही वापरात असलेला बायोरिड पुतळा सरासरी पुरुषाच्या मापाचा आहे. स्त्रीच्या शरीराचा असा पुतळा स्वीडनमधील संशोधकांनी अलीकडच्या काळात तयार केला.

दुसरा प्रश्न सीटच्या ताकदीचा. जोरदार धडकेत सीटची पाठ सपाट मागे कोसळली, तर पुढचा माणूस पट्ट्यातून निसटून मागच्या सीटवर आदळतो, आणि तिथे बहुधा मूल बसलेले असते. फार ताठ सीट हलक्या धडकेत मानेला त्रास देईल, फार मऊ सीट मोठ्या धडकेत कोसळेल, असा वाद अभियंत्यांत अनेक वर्षे चालला. आधी हळूहळू नमणारी आणि मग ठाम उभी राहणारी सीट बनवता येते, हे काही कंपन्यांनी दाखवून दिले आहे. पण अमेरिकेच्या नियमाची किमान अट १९६० च्या दशकातलीच राहिली. सीटच्या पाठीने ३७३ न्यूटन-मीटर जोर सोसला की ती पास. अमेरिकी काँग्रेसने २०२१ मध्ये हा नियम तपासायला सांगितले आणि २०२४ मध्ये तेथील वाहतूक सुरक्षा प्रशासनाने बदलाची प्राथमिक प्रक्रिया सुरू केली.